ओढत्या घराची मार्गदर्शिका: नवशिक्यांसाठी

जुना कॅम्पर ट्रेलर अजून घेतलेला नाही आणि तरी ही मार्गदर्शिका वाचतो आहे, असा माणूस मला भेटायचा आहे. रीत अशी की आधी ट्रेलर घ्यायचा, दारात आणून उभा करायचा, घरच्यांची बोलणी खायची आणि मग रात्री साडेअकराला मार्गदर्शन शोधत बसायचं. तेव्हा तुम्ही तो घेतलाच आहे असं धरून चालतो. अभिनंदन. आता बाहेर जाऊन त्याला एकदा डोळे भरून बघून या. इतका देखणा तो यापुढे दिसायचा नाही. उद्यापासून तो तुम्हाला आतून कळायला लागेल.

माझा १९६२ सालचा. ओहायोत, कोलंबसपासून तासाभरावर, एका शेतकऱ्याच्या कोठारात मक्याच्या यंत्राशेजारी उभा होता. सोळा फूट लांब, पांढरा, कमरेला फिकट पोपटी पट्टा. या घाटाच्या ट्रेलरला इकडे ‘हॅमचा डबा’ म्हणतात. हॅमचा डबा पाहिला नसेल तर दोन्ही टोकं गोल झालेला पाव डोळ्यांसमोर आणा. शास्ता नावाच्या कंपनीचे याच घाटाचे ट्रेलर त्या काळात फार गाजले, कारण त्यांच्या शेपटाकडे दोन बाजूंना पत्र्याचे छोटे पंख असत. पंखांचा उपयोग काहीही नाही. आजही लोक ट्रेलरआधी पंख शोधतात. माझ्याला पंख नाहीत, म्हणून तो चौदाशे डॉलरांत मिळाला.

शेतकरी सज्जन होता. पण विकणाऱ्याची म्हणून एक भाषा असते, तेवढी शिकून घ्या. ‘गळत नाही’ म्हणजे आज ऊन आहे. ‘दोन शनिवार-रविवारचं काम’ म्हणजे ते त्यानं स्वतः सुरू करून सोडलेलं आहे. ‘सगळं मूळचंच आहे’ म्हणजे टायरसुद्धा. ‘बायको म्हणते, आता काढा’ एवढं मात्र अक्षरशः खरं असतं. एकच गोष्ट बोलण्यावर सोडू नका, ती म्हणजे मालकीचा कागद, इकडच्या भाषेत टायटल. तो नसेल तर तुम्ही खरेदी केलेली नाही, दुसऱ्याची अडगळ फुकट वाहून नेली आहे.

पायरी पहिली: टोचा

साहित्य: एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर, एक खंबीर मन.

खिडक्यांच्या खालच्या कडा, मागचे दोन कोपरे, छताच्या झरोक्याभोवतीचा भाग आणि दाराचा उंबरठा, एवढ्या जागी टोचायचं. लाकूड टणक लागलं तर पुढे सरका. माझ्या मागच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि बाहेर येताना चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी घेऊन आला.

इथे नवशिका पहिली चूक करतो, म्हणून जरा थांबून सांगतो. आपण घर बांधतो ते बाहेरून आत: आधी भिंती, मग गिलावा, सगळ्यात शेवटी कपाटं. हे ट्रेलर आतून बाहेर बांधलेले असतात. लोखंडी सांगाड्यावर आधी तळाचं प्लायवुड, त्याच्यावर पलंग, ओटा, कपाटं. त्यांना टेकून आतली पातळ भिंत. तिच्या पाठीला पाइनच्या पट्ट्यांची चौकट, चौकटीच्या खणांत काचलोकर आणि वायरी, आणि शेवटी बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. म्हणजे आतली हातभर फळी कुजली असली तरी तिच्याकडे जायचा रस्ता बाहेरून आहे: कडेच्या पट्ट्या काढा, पत्रा काढा, काचलोकर काढा, मग फळी. मी आतून गेलो. त्यात एक कपाट, अर्धा ओटा आणि एक आख्खा ऑगस्ट गेला.

पत्रे कौलांसारखे बसवलेले असतात, वरच्याची कड खालच्यावर. उलगडायला वरून लागायचं, चढवायला खालून. आणि कुजलेलं लाकूड फेकू नका. ते कितीही घाण वास मारत असलं तरी तुमच्या गोल कोपऱ्याचा साचा जगात तेवढाच शिल्लक आहे. नव्या प्लायवुडवर ते ठेवून पेन्सिल फिरवायची, मग फेकायचं. मी आधी फेकलं. पुढच्या गोलाईसाठी जेवणाचं ताट वापरून पाहिलं, मग परात. परात जवळपास बरोबर होती.

आणखी एक. जिथे लाकूड कुजलंय तिथून पाणी आलं असं समजू नका. पाणी छतावरच्या झरोक्यातून शिरतं, पट्टीपट्टीवरून सरकत जातं आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. आमच्या गावच्या राजकारणातही आरोपी शोधायची हीच अडचण असते.

पायरी दुसरी: पूर्वसूरींचे थर

साठ वर्षांत ट्रेलरला पाच-सहा मालक झालेले असतात आणि प्रत्येकानं त्याची गळती ‘कायमची’ बंद केलेली असते. सगळ्यात खाली मूळची पुट्टी, ती आता विटेसारखी कडक. तिच्यावर डांबर. त्याच्यावर छताला द्यायचा चंदेरी रंग, दोन हात. आणि सगळ्यावर सिलिकॉन.

सिलिकॉनबद्दल मी एरवी सभ्य माणसांत बोलत नाही. ते एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. रंग नाही, पुट्टी नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. पत्रा हलतो, उन्हात पसरतो, थंडीत आखडतो. सिलिकॉनची एक कड सुटते आणि पाणी आत येऊन त्याच्याच मागे मुक्काम करतं. आपल्याकडे दिसली फट की एम-सील, इकडे दिसली फट की सिलिकॉन; स्वभाव एकच, कंपनी वेगळी. ते प्लॅस्टिकच्या पट्टीनं, नखानं, शिव्यांनी, जसं निघेल तसं पूर्ण काढा. जागी ब्युटाइलची टेप लावा. ती चघळलेल्या च्युइंगमसारखी राखाडी पट्टी असते, कधी सुकत नाही आणि पत्र्याबरोबर हलते. पट्टी बसवून स्क्रू पिळले की कडेनं थोडी बाहेर येते, ती दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळून मग कापायची. लगेच कापलीत तर तुम्ही सातवे मालक झालात.

पायरी अडीच: उंदीर

होते. मास्क लावा, घरटी कोरडी झाडू नका, आधी ब्लीचच्या पाण्यानं भिजवा. जास्त सांगत नाही, तुम्ही जेवत वाचत असाल.

पायरी तिसरी: लाख

या पायरीवर मी गरजेपेक्षा जास्त रेंगाळणार आहे, कारण आख्ख्या कामात आनंद एवढाच आहे.

जुन्या फोटोंमध्ये या ट्रेलरची आतली भिंत मधासारखी चमकते. भिंत असते बर्चच्या, अष्टमांश इंच जाडीच्या प्लायवुडची, आणि बर्च तर फिकट असतो. मग मध येतो कुठून? लाखेतून. इकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘अँबर शेलॅक’ या नावाचा डबा मिळतो. मी झाकण उघडलं, आणि ओहायोतल्या गॅरेजमध्ये उभा राहून मला सांगलीतल्या आमच्या घरामागच्या सुताराचा वास आला. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घातलेली बाटली, चिंधीचा बोळा, आणि ‘हात लावू नको रे’. झारखंड-छत्तीसगडातल्या पळसा-बोरा-कुसुमाच्या फांद्यांवर एक किडा स्वतःभोवती घर बांधतो, आणि त्या घराचा मुलामा इथे माणसं स्वतःच्या चाकावरच्या घराला देतात. किड्याला कळलं तर हसेल.

पातळ हात द्या. अर्ध्या-पाऊण तासात वाळतो, लगेच दुसरा. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे दहा वर्षांनी ओरखडा पडला तरी एका बोळ्यात बुजतो. पावसाळी दमट दिवशी लावलीत तर लाख पांढुरकी होते. आणि दारू सांडली तर ती लाख विरघळवते. पाहुणे निवडताना एवढं ध्यानात ठेवा.

त्या उन्हाळ्यात आई आली होती, सहा महिन्यांसाठी. रोज गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून लसूण सोलत माझं काम बघायची. बोलायची कमी. भिंती चमकल्या तेव्हा म्हणाली, “आता देवघरासारखं दिसतंय.” आणि मी मागच्या पलंगाखाली वीस गॅलनची पाण्याची टाकी बसवत होतो तेव्हा म्हणाली, “टाकी मागं घातलीस होय रे?”

“जागा तिथंच आहे, आई,” मी म्हणालो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

पायरी चौथी: एसटी

टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांपुढे मोठा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच अंक दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे. माझ्यावर तीन होते. नक्षी मात्र कोरी करकरीत. ट्रेलरचा टायर चालून मरत नाही, उन्हात बसून बसून मरतो. नक्षीवर जाऊ नका.

नवे घेताना ज्यांच्या मापाआधी ‘एसटी’ ही अक्षरं आहेत तेच घ्या. ती स्पेशल ट्रेलरची खूण आहे, पण मराठी माणसाला एसटीवर विश्वास ठेवायला कारण लागत नाही. त्या टायरवर वेगळा वेग लिहिलेला नसेल तर ताशी ६५ मैलांची मर्यादा धरून चला. लाल डब्याच्या संस्कारात वाढलेल्याला तेही पुष्कळ.

मग बेअरिंग. काढा, धुवा, खड्डे पडलेली बदला, नवं ग्रीस तळहातानं दाबून भरा. “वंगण,” आई म्हणाली. वाळवा तालुक्यातल्या तिच्या वडिलांची बैलगाडी कारखान्याला ऊस वाहायची. कुरकुरत्या चाकानं गाडी रस्त्याला लागली तर ते जेवायचे नाहीत म्हणे. रस्त्याला लागल्यावर पहिल्या वीस मैलांत थांबून चाकाच्या तुंब्याला हात लावून बघा. कोमट असला तर चला. चटका बसला तर एक तर बेअरिंग जास्त आवळलंय, नाही तर ब्रेक घासतोय.

पायरी शून्य: गाडी

ही पायरी सगळ्यात आधी असायला हवी होती. मी तिच्यापर्यंत दोन वर्षांनी पोचलो, म्हणून इथे आहे.

ओढायचं काय कठीण आहे, असं तुम्हाला वाटत असणार, आणि ते खरंच कठीण नाही. एअरस्ट्रीम या चंदेरी ट्रेलरच्या कंपनीचा १९४७ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे: आल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकलला बांधून आख्खा ट्रेलर ओढतो आहे. कंपनीचा संस्थापक वॉली बायम पोरवयात मेंढ्या राखायचा आणि छोट्या गाड्यातच राहायचा. चाकावरचं घर किती हलकं असावं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फोटो खरा आहे. फक्त तो सपाट रस्त्यावरचा आहे, आणि त्या सायकलस्वाराला समोर लाल सिग्नल लागला तर काय, हे फोटोत दिसत नाही. ओढतं इंजिन. थांबवतात ब्रेक, आणि पेलतात मागचं आख आणि स्प्रिंगा. जाहिरातीत बोलतं फक्त इंजिन.

जुन्या जाहिरातींमध्ये साधी घरगुती मोटार ट्रेलर ओढताना दिसते, त्यानंही फसू नका. त्या मोटारी म्हणजे वेगळ्या लोखंडी चासीवर बसवलेले लांबरुंद पलंग होते. आजच्या सेडानला अशी चासीच नसते, आणि इकडच्या पुस्तिकांमध्ये पुष्कळदा ‘या गाडीनं ट्रेलर ओढू नये’ एवढं एकच वाक्य असतं. गंमत अशी की तीच गाडी युरोपात खुशाल कॅरव्हॅन ओढते. तिथे ट्रेलरचा वेग कायद्यानं कमी ठेवलेला असतो आणि जोडावर भारही कमी ठेवतात. तेव्हा जर्मनीतल्या भावानं पाठवलेला फोटो पुरावा म्हणून घरात दाखवू नका.

आमच्याकडे होती मिनिव्हॅन. पुस्तिकेत क्षमता ३५०० पौंड. ट्रेलरच्या कागदावर वजन १९५० पौंड. पाचवीतलं पोरगंसुद्धा वजाबाकी करून सांगेल की दीड हजार पौंड शिल्लक आहेत. मीही तेच सांगितलं, सगळ्यांना, चहाबरोबर.

आता आकडा येतो कुठून ते बघा. अमेरिकेत यासाठी २००८ पासून एक मानक आहे, ‘जे-२८०७’ नावाचं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाकडून वर जाणाऱ्या चढाची परीक्षा असते: बाहेर १०० अंश फॅरेनहाइट, आत एसी पूर्ण सोडलेला, मागे पूर्ण वजन, आणि लहान गाड्यांनी ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. परीक्षा कडक आहे, शंका नाही. पण गाडीत माणसं किती? दोन. चालक आणि शेजारी, दोघंही १५० पौंडांचे. असे दोघे एकाच घरात नांदताना मी आमच्या महाराष्ट्र मंडळात शोधले. सापडले नाहीत.

म्हणून खरा आकडा पुस्तिकेत नसतो, चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. दार उघडा, पिवळ्या पट्टीचं लेबल शोधा. ‘प्रवासी आणि सामान मिळून याहून जास्त वजन कधीही नसावं.’ आमच्या लेबलवर ११८० पौंड. यात तुम्ही, मंडळी, पोरं, आई, चिवड्याचे डबे, कुकर हे सगळं आलंच; शिवाय जोडाचं लोखंड आलं, आणि ट्रेलरचा जेवढा भार गाडीच्या शेपटावर टेकतो तोही आला. हा शेवटचा भाग लोक विसरतात. ट्रेलर मागून येतो म्हणजे तो वेगळा, असं वाटतं. त्याचा एक हात सतत तुमच्या खांद्यावर असतो.

तो हात केवढा असावा? ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवतो, जास्त झाला तर गाडीचं नाक वर जातं आणि पुढची चाकं रस्ता सोडल्यासारखी हलकी होतात. आमच्या व्हॅनच्या जोडाला कमाल मर्यादा ३५० पौंडांची.

हिशेब असा झाला. पाच माणसं मिळून ६९० पौंड. तपशील छापायचा नाही अशी घरातून अट आहे, कारण चार आकडे दिले की पाचवा कोणालाही वजाबाकीनं काढता येतो. जोडाचं लोखंड ४०. ट्रेलरचा भार ३०० धरा. एकूण १०३०. उरले १५० पौंड, त्यात आइसबॉक्स, बॅगा आणि सासूबाईंनी पाठवलेला सगळा फराळ. जे ट्रेलरमध्ये टाकाल त्यानं तिकडचं वजन वाढणार आणि दहा-पंधरा टक्क्यांनी पुन्हा इकडे येणार. संसाराच्या इतर हिशेबांसारखंच हेही कुठूनही धरा, शिल्लक तेवढीच.

‘मग मोठा पिकअप ट्रक घेतो,’ असं म्हणाल. घ्या, पण दुकानात लेबल वाचून घ्या. एकाच ट्रकच्या साध्या प्रकाराला जास्त पेलतं आणि शाही प्रकाराला कमी, कारण चामड्याच्या खुर्च्या, काचेचं छत, आपोआप बाहेर येणारी पायरी हे सगळं त्याच्याच खात्यातून वजा होतं. ऐषआराम वाढला की माणसाची पेलायची ताकद कमी होते, असं आमचे एक मास्तर म्हणायचे. ते ट्रकबद्दल बोलत होते हे मला उशिरा कळलं.

शेपटावरचा भार मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. तीन फुटांची भक्कम फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. ट्रेलरची दांडी विटेपासून एक फुटावर टेकवा आणि काट्यावरचा आकडा तिपटीनं वाचा. काटा कोणाचा आहे हे विचारून घ्या. आमच्या घरातला ज्या कारणासाठी आणला होता त्या कारणाचा माझ्या हातून अपमान झाला, असं ठरलं. मी रिकामा ट्रेलर मोजला. २३० पौंड, म्हणजे त्याच्या त्या वेळच्या २२०० पौंडांच्या साडेदहा टक्के. पेढे वाटावे असा आकडा. माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नव्हती.

बाकी जोडणीचं भराभर सांगतो. जोडाच्या लोखंडावर ५००० लिहिलेलं असेल, गोळ्यावर ६०००, गाडीच्या पुस्तिकेत ३५००. यांतला सगळ्यात लहान आकडा खरा. गोळा आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची हवी. पावणेदोनपेक्षा अष्टमांशानं मोठा आणि पुरता दोन इंची, हे दोन गोळे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण पहिला दुसऱ्याच्या वाटीत बसला तर पहिल्या खड्ड्याला बाहेर येतो. साखळ्या दांडीखालून एकमेकींवरून तिरक्या न्या, म्हणजे जोड सुटला तर दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडेल. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक बसवून घ्या आणि त्यांचा नियंत्रक स्टिअरिंगखाली हाताशी ठेवा. पुष्कळ राज्यांत ३००० पौंडांपुढे हे सक्तीचं आहे, काही ठिकाणी त्याही आधी. तुमचा त्याहून हलका असला तरी बसवा. का, ते पुढे येतंच आहे.

पायरी पाचवी: मागे घेणे

हात स्टिअरिंगच्या तळाला धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्या. एवढंच तंत्र आहे. अवघड आहे ते मागे उभं राहून खुणा करणाऱ्याचं. नवरा-बायकोनं हे काम एकमेकांकडे देऊ नये. आमच्याकडे पहिल्या दिवशी ‘ये, ये, ये, अजून ये, अरे थांब म्हणाले ना!’ या क्रमानं शेजाऱ्याची टपालपेटी गेली. नवीन बसवून दिली. ती आधीच्यापेक्षा चांगली आहे.

पायरी सहावी: प्रवास

पहिला मुक्काम जवळचा निवडा. आम्ही हॉकिंग हिल्स निवडलं, दीड तासाचा रस्ता. आदल्या रात्री टाकी काठोकाठ भरली. एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, वीस गॅलन म्हणजे १६७. पोरांच्या सायकली मागच्या बंपरला बांधल्या. तांदळाचं चाळीस पौंडांचं पोतं मागच्या पलंगावर आडवं केलं. तीन दिवसांना एवढा तांदूळ कशाला, हे विचारू नका. तुम्ही आमच्या घरच्यांना ओळखत नाही.

ताशी पन्नासपर्यंत सगळं लोण्यासारखं. पंचावन्नला एक लांबलचक ट्रक बाजूनं गेला, आणि आरशात पोपटी पट्टा एकदा डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर वेळी जास्त. व्हॅनचं बूड त्याच्याबरोबर नाचायला लागलं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून त्याला शहाणं करायला जायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि नियंत्रकाची पट्टी बोटानं सरकवून एकट्या ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. हे मी पाठ केलं होतं. तरी माझा उजवा पाय आधी ब्रेकवर गेला आणि बायकोच्या एका शब्दानं परत आला. शब्द छापत नाही.

कडेला थांबलो. कोणी काही बोलेना. मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली, “उलाळ झालीय.”

ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी: आखाच्या मागे भार जास्त झाला की गाडी मागे कलते, दांड्या वर उचलतात आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ती गाडी उलाळ. आजोबा उसाच्या मोळ्या रचताना दर चार मोळ्यांनी दांडीला हात लावून बघायचे. दहा टक्के त्यांना माहीत नव्हते. हात माहीत होता.

मी इंजिनिअर, म्हणून मला पुरावा हवा होता. पुढच्याच एक्झिटला ट्रक स्टॉपचा काटा सापडला. तिथे पुढचं आख, मागचं आख आणि ट्रेलरचं आख वेगवेगळ्या फळ्यांवर मोजतात. एकदा ट्रेलरसकट चढायचं, एकदा तो सोडून नुसत्या व्हॅननं. दोन पावत्यांतल्या फरकातून सगळं निघतं. ट्रेलरचं भरलं वजन २७४० पौंड. कागदावरचे १९५० कुठे गेले ते दोन वर्षांच्या हौसेला विचारा. त्यातला जोडावर टेकलेला भार १९०, सातसुद्धा टक्के नाही. कारखान्याच्या काट्यावर आजोबांना कायम संशय असायचा. हा काटा एका पौंडानं खोटं बोलेल असं वाटेना. पैसे दोन वेळचे पडले. आईनं फुकट सांगितलं होतं.

टाकीचा नळ उघडला. वीस गॅलन पाणी जायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसं तुमच्याकडे बघतात. तांदूळ पुढच्या बाकावर आणला. पुन्हा काटा: वजन २५७३, भार ३०९. बरोबर बारा टक्के. पुढचा रस्ता ट्रेलर इतका गुमान आला की दोनदा आरशात बघून तो आहे ना याची खात्री केली.

संध्याकाळी कॅम्पच्या नळावरून बादलीनं पाणी आणत होतो. आई बाकावर तांदळाच्या पोत्याशेजारी बसून लसूण सोलत होती. म्हणाली, “टाकी पुढं घे आता.”

घेतो. पुढच्या बाकाखाली टाकी मावते, मोजून पाहिलं. फक्त नळाची वाट मागून पुढे न्यायची तर ती भिंतीतून जाणार, आणि ही भिंत आतून उघडत नाही. पायरी पहिली पाहा.